पल्सची पायरी : वीज नियमनातल्या डिजिटल नियंत्रणाचा आढावा

मार्चमधल्या दुपारी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या एखाद्या डाळिंबाच्या बागेत सौर पंपाशेजारी उभं राहावं. ऊन रणरणतंय, पाइपातून पाणी भरून पडतंय. तेवढ्यात एक ढग येतो, त्याची सावली पॅनलवरून सरकत जाते आणि मोटरीचा आवाज खाली उतरतो. धार बारीक होते, पण मोटर बंद पडत नाही. ढग पुढं गेला की आवाज पुन्हा चढतो. स्टार्टरला कुणी हात लावलेला नसतो. हे सगळं खांबाला टांगलेल्या पत्र्याच्या पेटीत घडतं. त्या पेटीतली एक नखाएवढी चिप सेकंदाला हजारो वेळा काही स्विच उघडत आणि मिटत असते, आणि प्रत्येक वेळी स्विच किती काळ मिटलेला ठेवायचा हे आकडेमोड करून ठरवते.

केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ मध्ये. सर्वसाधारण शेतकऱ्यानं १० टक्के रक्कम भरायची आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के, अशी या दुसऱ्या योजनेची मांडणी आहे. ३, ५ आणि साडेसात अश्वशक्तीचे पंप त्यातून मिळतात. पंप बनवण्याचा वारसा सांगली जिल्ह्याला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तिथून पंप देशभर गेले. पंपाचं लोखंड, त्याचा इंपेलर, त्याचं वायंडिंग इथल्या माणसांना पाठ आहे. पेटीतला पल्स, म्हणजे स्विचची ती मोजूनमापून केलेली उघडमीट, मात्र अजून परका वाटतो. म्हणून या पल्सचा प्रश्न मुळापासून पाहू : स्विचिंग पद्धतीनं वीज नियंत्रित करायची असेल, तर डिजिटल चिपनं पल्स कसा काढायचा, तो किती बारीक हवा, आणि तो चुकला तर काय होतं.

आधी मुळातली गोष्ट. विहिरीवरची मोटर पूर्ण जोरात चालू ठेवून पाणी कमी हवं म्हणून व्हॉल्व्ह अर्धा पिळला, तर पाणी कमी येतं खरं, पण विजेचा बराच भाग त्या व्हॉल्व्हशी झगडण्यात वाया जातो. जुने लिनियर रेग्युलेटर हेच करत. १२ व्होल्टचे ५ करायचे, तर उरलेले ७ व्होल्ट ट्रान्झिस्टर उष्णतेत जाळायचा. दुसरी रीत कालव्याच्या आवर्तनासारखी. म्हैसाळ योजनेचं पाणी कवठेमहांकाळ-जतकडं येतं तेव्हा शेतकऱ्याच्या पाळीला दार पूर्ण उघडतं आणि पाळी संपली की पूर्ण मिटतं. शेततळं भरलेलं असलं की पिकाला मात्र पाणी एकसारखं मिळत राहतं. स्विचिंग रेग्युलेटरात मॉस्फेट किंवा आयजीबीटी हे दार असतं आणि कपॅसिटर हे शेततळं. इंडक्टर प्रवाहाला एकदम वाढू देत नाही आणि एकदम थांबूही देत नाही. दार पूर्ण उघडं असताना त्यात वीज जवळजवळ मरतच नाही आणि पूर्ण मिटलं असतानाही मरत नाही. जी काही मरते ती उघडमिटीच्या क्षणात आणि तारांच्या रोधात. व्होल्टेज उतरवणाऱ्या बक सर्किटचं सूत्र त्यामुळं फार सोपं होतं : एकूण वेळेच्या जितक्या हिश्श्यात स्विच मिटलेला (स्विच मिटला की वीज वाहते, दाराच्या बरोबर उलट), तितक्याच हिश्श्यानं व्होल्टेज बाहेर. या हिश्श्याला ड्युटी सायकल म्हणतात. सगळा खेळ तो हिस्सा अचूक मोजून देण्याचा आहे.

हे काम दीर्घकाळ अॅनालॉग चिपनं केलं आणि उत्तम केलं. सिलिकॉन जनरल कंपनीत रॉबर्ट मॅमानो यांनी १९७६ च्या सुमारास एसजी १५२४ ही चिप घडवली आणि पल्सची रुंदी नियंत्रित करणारं अख्खं सर्किट एका तुकड्यात आलं. करवतीच्या दात्यासारखा चढणारा एक तरंग, त्याच्याशी तुलना करणारा एक कंपॅरेटर : चूक वाढली की पल्स रुंद, चूक घटली की पल्स अरुंद. सांगली-मिरजेत टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या कुणालाही एसजी ३५२४, टीएल ४९४, यूसी ३८४२ ही नावं शेजाऱ्याच्या नावासारखी माहीत असतात. भारनियमनाच्या वर्षांत घराघरांत आलेल्या इन्व्हर्टरच्या बोर्डांवर हीच मंडळी होती. अॅनालॉग पल्सचं मोठं सुख हे, की त्याची रुंदी सलग बदलते. मधली कुठलीही किंमत त्याला वर्ज्य नाही.

डिजिटल पल्स पायऱ्यांनीच चढतो-उतरतो, आणि पुढचे सगळे प्रश्न या पायरीतून निघतात.

आमच्या पिढीनं इंजिनिअरिंगला पहिल्यांदा पल्स काढला तो ८०५१ या मायक्रोकंट्रोलरवर. मूळ ८०५१ मध्ये पल्सच्या रुंदीसाठी वेगळी यंत्रणा नव्हती. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला की टायमर एका मायक्रोसेकंदाला एक पाऊल पुढं सरकायचा, आणि टायमर भरला की इंटरप्टमधून पिन वरखाली करायची. १० किलोहर्ट्झचा पल्स हवा तर एका आवर्तात फक्त १०० पावलं, म्हणजे ड्युटी एकेका टक्क्यानंच बदलणार. शिवाय चिप दुसऱ्या कुठल्या कामात अडकली की इंटरप्टला दोन-चार मायक्रोसेकंद उशीर, आणि तेवढीच पल्सची रुंदी हलायची. दिवा मंद करायला हे चालतं. वीज नियमनाला चालत नाही. पुढच्या मायक्रोकंट्रोलरांत काउंटर आणि तुलना करणारं रजिस्टर हे दोन्ही हार्डवेअरमध्येच आले, आणि उशिराचा त्रास मिटला. काउंटर शून्यापासून वर मोजत जातो, ठरवलेल्या आकड्याला पोहोचला की पिन खाली येते, आवर्त संपलं की पुन्हा वर. प्रोसेसर झोपला तरी पल्स चालू राहतो.

पायरीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. घड्याळाच्या वेगाला स्विचिंगच्या वेगानं भागलं की पायऱ्यांची संख्या मिळते. विद्यार्थ्यांच्या हाती सर्रास असणारा आर्डुइनो उनो १६ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे एक पाऊल ६२.५ नॅनोसेकंदांचं. १०० किलोहर्ट्झचा बक बनवला तर एका आवर्तात १६० पावलं. आत १२ व्होल्ट असतील तर एका पावलानं बाहेरचं व्होल्टेज ७५ मिलिव्होल्टनं हलतं. आता बाहेर बरोबर ५ व्होल्ट हवेत. हिशेबानं ६६.६७ पावलं लागतात. काउंटरला ६६ कळतात किंवा ६७. ६६ दिली तर ४.९५ व्होल्ट, ६७ दिली तर ५.०२५. पाच व्होल्ट या यंत्राच्या शब्दकोशातच नाहीत.

तंतुवाद्यांसाठी नावाजलेल्या मिरजेत ही अडचण सांगायला सोपी जाते. सतारीवर तार ओढून दोन पडद्यांमधला स्वर काढता येतो. हार्मोनियमवर दोन पट्ट्यांमधल्या स्वराला जागाच नसते. अॅनालॉग चिप सतारीसारखी आहे आणि डिजिटल काउंटर हार्मोनियमसारखा.

एवढ्यावर भागलं असतं तर २५ मिलिव्होल्टची चूक आपण सोडूनही दिली असती. पण बाहेरचं व्होल्टेज मोजणारं एडीसी बहुधा पल्सपेक्षा बारीक मोजतं. दहा बिटांचं एडीसी ५ व्होल्टच्या मापावर आणि मध्ये निम्म्याचा विभाजक धरला, तर त्याची पायरी बाहेरच्या बाजूला साधारण १० मिलिव्होल्ट येते. म्हणजे नियंत्रकाला चूक दिसते, पण ती दुरुस्त करण्याएवढी बारीक पायरी हाताशी नसते. ६६ वर तो म्हणतो कमी आहे, ६७ वर म्हणतो जास्त आहे, आणि कुठंच स्थिर न होता या दोहोंमध्ये हेलकावत राहतो. अभियंते याला लिमिट सायकल म्हणतात. स्कोपवर हे हेलकावे रिपलसारखे दिसतात आणि नवखा माणूस कपॅसिटर वाढवत बसतो. बर्कलीच्या पीटरचेव्ह आणि सँडर्स यांनी २००३ मध्ये याची नीट मीमांसा मांडली. त्यांची पहिली अट अशी, की पल्सच्या एका पायरीनं व्होल्टेज जितकं हलतं, त्याहून एडीसीची पायरी मोठी हवी. कोणता तरी पल्स ‘चूक शून्य’ या खणात बसलाच पाहिजे. दुसरी अट, नियंत्रकात साचत जाणारी दुरुस्ती असली पाहिजे आणि तिचा जोर मर्यादेत असला पाहिजे. माझ्या मते या संपूर्ण विषयातलं सर्वांत उपयोगी शहाणपण या पहिल्या अटीत आहे. महागडं, सोळा बिटांचं एडीसी घेऊन जाडाभरडा पल्स काढणं म्हणजे सोनाराच्या काट्यानं मोजून फावड्यानं टाकणं. त्यापेक्षा दोन्ही मापं एकमेकांना जुळवून घेतली तर स्वस्त चिपवरही सर्किट शांत चालतं.

पायरी बारीक करण्याचे मार्ग चार-पाच आहेत. अगदी बिनखर्चाचा मार्ग म्हणजे डिदरिंग. दोन आवर्तं ६७ पावलांची द्यायची, तिसरं ६६ चं. सरासरी ६६.६७, आणि बाहेर बरोबर ५ व्होल्ट. इंडक्टर आणि कपॅसिटर मिळून ही सरासरी आपोआप काढतात. याची किंमत अशी, की आता १०० ऐवजी ३३ किलोहर्ट्झचा एक हलका कंप आत शिरतो. जितकी बारीक सरासरी हवी तितका नमुना लांबतो, कंप खालच्या सुरात जातो आणि गाळणीतून निसटायला लागतो. दोन-तीन बिटांपर्यंत हा उपाय मला निर्धोक वाटतो. त्याहून पुढं ताणू नये.

घड्याळच वेगवान करायचं म्हटलं तर हिशेब लवकर हाताबाहेर जातो. १ मेगाहर्ट्झचं स्विचिंग आणि १०२४ पायऱ्या हव्यात तर १०२४ मेगाहर्ट्झचं घड्याळ लागेल, आणि मोबाइलमधल्या छोट्या रेग्युलेटरात ते घड्याळच भाराहून जास्त वीज खाईल. यावर एमआयटीत डॅन्सी आणि चंद्रकासन यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात दुसरी वाट चोखाळली : घड्याळ मोजायचंच नाही. सिग्नलला एकामागोमाग एक लावलेल्या लहान गेटांच्या साखळीतून पळवायचं आणि हव्या त्या गेटापाशी पल्स संपवायचा. प्रत्येक गेट थोडासा उशीर करतं, तोच उशीर आपली पायरी. पण आठ बिटांना २५६ गेटं आणि त्यातलं एक निवडणारं मोठं सर्किट लागतं. मग दोन्हींचा मेळ आला. मोठी पावलं काउंटरनं मोजायची आणि शेवटचं अर्धमुर्धं पाऊल साखळीनं. कोलोराडोत द्रागान मक्सिमोविच यांच्यासारखे अभ्यासक एका चिपवरचे असे नियंत्रक घडवत गेले आणि या संकरित रचनेचा पाया पक्का झाला. एफपीजीएवर काम करणारे एकाच घड्याळाच्या चार सरकवलेल्या प्रती घेऊन पायरीचे चार तुकडे करतात, त्यातून दोन बिट फुकट मिळतात.

आज हे सगळं बाजारातल्या चिपमध्ये तयार मिळतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२००० मालिकेत पल्सची कड सुमारे १५० पिकोसेकंदांच्या पायरीनं सरकवता येते. एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या एसटीएम३२एफ३३४ मध्ये २१७ आणि एसटीएम३२जी४७४ मध्ये १८४ पिकोसेकंद. १८४ पिकोसेकंदांची पायरी साध्या काउंटरनं काढायची तर ५.४४ गिगाहर्ट्झचं घड्याळ लागलं असतं. प्रत्यक्षात चिप १७० मेगाहर्ट्झवरच चालते. पण गेटांच्या उशिराला एक खोड आहे : तो तापमानाबरोबर आणि चिपच्या व्होल्टेजबरोबर बदलतो. आटपाडीच्या माळावर मे महिन्यात पत्र्याची पेटी तापते तेव्हा आतली पायरी प्रयोगशाळेतली पायरी राहत नाही. म्हणून काही चिप हार्डवेअरमध्येच सतत स्वतःला जुळवून घेतात, तर काहींत प्रोग्रॅममधून अधूनमधून एका घड्याळात किती पायऱ्या बसतात हे पुन्हा मोजावं लागतं. हे मोजमाप वगळलं, तर टेबलावर सुंदर चाललेलं यंत्र उन्हात बिघडल्यासारखं वागतं, आणि कारण सापडायला आठवडा जातो.

बारीक पायरीच्या मागं लागताना वेळेचा उशीर बहुतेक लेखांत दुर्लक्षित राहतो. अॅनालॉग सर्किट चूक दिसताक्षणी पल्स बदलतं. डिजिटल नियंत्रक आधी मोजतो, मग गणित करतो, आणि नवा आकडा पुढच्या आवर्तात लागू करतो. पूर्ण एका आवर्ताचा उशीर झाला आणि नियंत्रकाची झेप स्विचिंगच्या एक दशांश वेगापर्यंत ठेवली, तर त्या एका उशिरानं ३६ अंशांचा फेज हातचा जातो. स्थैर्यासाठी राखलेल्या पन्नास-साठ अंशांतले ३६ गेले की उरलं काय? म्हणून मोजमाप पल्सच्या कोणत्या क्षणी घ्यायचं हे हौसेचं काम नाही. आवर्ताच्या मध्याला धरून सममित पल्स काढला आणि बरोबर मध्यावर मोजलं, तर स्विच उघडमिटीचा खडखडाट मापात येत नाही आणि प्रवाहाची सरासरीच हाती लागते. पल्सची कड दहापट बारीक करण्यापेक्षा मोजण्याचा क्षण नीट निवडल्याचा फायदा मला प्रत्यक्ष कामात जास्त दिसला आहे.

आता परत बागेतल्या पेटीकडं. तीन फेजच्या पंपाचा नियंत्रक ८ किलोहर्ट्झच्या आसपास स्विच करतो असं धरू. ७२ मेगाहर्ट्झची साधी चिप त्यात ९००० पावलं देते, सममित पल्सला त्याच्या निम्मी. पायरीचा तुटवडा इथं अजिबात नाही. पिकोसेकंदांच्या चिपची गरज सर्व्हरच्या किंवा मोबाइल चार्जरच्या वेगवान सर्किटांना. पंपाला गरज पल्सांची मांडणी हुशारीनं करण्याची आहे.

एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ४१५ व्होल्टच्या मोटरीला पूर्ण दाब द्यायचा, तर साध्या साइन पद्धतीच्या पल्सांना आत सुमारे ६७८ व्होल्ट डीसी लागतो. तेच पल्स स्पेस व्हेक्टर पद्धतीनं रचले तर ५८७ व्होल्ट पुरतात. स्विच तेच, चिप तीच, तांबं तेच. फरक फक्त पल्स कुठं सुरू करायचा आणि कुठं संपवायचा या गणिताचा, आणि फायदा १५ टक्क्यांचा. सिलिकॉन पॅनलचं व्होल्टेज दर अंश तापमानाला साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घसरतं. उन्हाळ्यात पॅनल साठ अंशांपर्यंत तापलं की कागदावरच्या व्होल्टेजातले दहा-बारा टक्के गेलेलेच असतात. म्हणजे ज्या महिन्यात पाण्याची खरी निकड, त्याच महिन्यात पॅनल कमी पडतं, आणि ती तूट भरून काढण्याएवढी शिल्लक पल्सच्या रचनेत दडलेली आहे.

ढगाचं कोडंही इथंच सुटतं. नियंत्रक मोटरीची फ्रिक्वेन्सी जराशी वाढवून पाहतो, पॅनलची वीज वाढली तर आणखी वाढवतो, घटली तर मागं येतो. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं बदलत असल्यानं वेग ८० टक्क्यांवर आला की शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते, म्हणून ढगातही मोटर तग धरते. जतच्या खोल बोअरमध्ये मात्र एक अडचण येते. पाणी वर चढवण्यापुरता दाब तयार व्हायला किमान वेग लागतो. त्याखाली मोटर फिरते, मीटर वीज दाखवतो, पण पाणी येत नाही. बाहेर पाणी येतंय का हे न बघता नुसती जास्तीत जास्त वीज शोधणारा नियंत्रक इथं अपुरा पडतो.

खोल बोअरची दुसरी अडचण त्याहून गंभीर आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आयजीबीटी अतिशय झपाट्यानं उघडतो-मिटतो, त्यामुळं पल्सची कड उभी भिंत असते. पेटीपासून मोटरीपर्यंत दीड-दोनशे मीटर केबल असेल तर ती कड केबलच्या टोकाला आपटून परतते, आणि मोटरीच्या टर्मिनलवर आतल्या डीसीच्या जवळजवळ दुप्पट व्होल्टेजचा तडाखा बसतो. हे प्रत्येक पल्सला होतं, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा. वायंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांचं इन्सुलेशन त्यानं हळूहळू खचतं. मोटर जळते तेव्हा दोष मोटरीवर किंवा ‘लाइटच्या दाबावर’ जातो. उपाय ठाऊक आहेत : पेटीच्या बाहेर पडताना कड बोथट करणारं फिल्टर, शक्य तितकी कमी स्विचिंग फ्रिक्वेन्सी, आयजीबीटीच्या गेटचा रोध थोडा वाढवणं. ते पेटी बसवताना करावे लागतात, मोटर जळल्यावर त्यांचा उपयोग नसतो.

सुरक्षेचा भाग थोडक्यात सांगता येण्याजोगा नाही, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकाच फेजचे वरचा आणि खालचा असे दोन्ही स्विच एकाच क्षणी मिटले तर डीसीचा सरळ शॉर्ट होतो. म्हणून दोघांच्या मध्ये दोन-तीन मायक्रोसेकंद दोन्ही उघडे ठेवतात, त्याला डेड टाइम म्हणतात. आणि शॉर्ट झालाच, तर आयजीबीटी जेमतेम दहा मायक्रोसेकंद तग धरतो. ८ किलोहर्ट्झचा प्रोग्रॅम १२५ मायक्रोसेकंदांतून एकदा जागा होतो. त्याच्या भरवशावर संरक्षण ठेवलं तर स्विच बारा वेळा मरून झालेला असेल. जास्तीचा प्रवाह ओळखणाऱ्या कंपॅरेटरची तार थेट पल्सच्या यंत्रणेत गेली पाहिजे आणि प्रोग्रॅमला न विचारता पल्स थांबला पाहिजे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. व्होल्टेज चढवणाऱ्या बूस्ट सर्किटवर काम करताना एकदा प्रोग्रॅममधली चूक शोधायला मी डीबगरवर चिप मध्येच थांबवली. टायमरही थांबला, आणि पिन नेमकी वर असताना थांबला. स्विच मिटलेलाच राहिला, इंडक्टर भरून वाहिला आणि मॉस्फेटचं वरचं काळं आवरण उडून समोरच्या भिंतीवर लागलं. डीबगर थांबला की सगळे पल्स आधी बंद व्हावेत अशी सोय बहुतेक चिपमध्ये असते. ती चालू करणं ही मी तेव्हापासून प्रोग्रॅमची पहिली ओळ मानतो. तशीच आणखी एक खबरदारी : चालू आवर्ताच्या मध्यावर नवा आकडा थेट रजिस्टरात लिहिला तर एखादा पल्स अख्खं आवर्त लांबू शकतो. त्यासाठी सावली रजिस्टर वापरायचं असतं, आकडा आवर्ताच्या सुरुवातीलाच आत जातो. तेही विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला दाखवलं पाहिजे.

सांगलीत १९४७ पासून इंजिनिअरिंगचं शिक्षण आहे. वालचंद महाविद्यालयाच्या अनेक पिढ्या इथून बाहेर पडल्या. मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत हाताला वळण असलेले कारागीर आहेत, जे टीएल ४९४ वरचा बोर्ड नुसत्या मल्टिमीटरनं उठवून देतात. सौर पंपाची पेटी त्यांच्यापुढं आली की मात्र ते ‘कार्ड बदला’ म्हणतात, कारण पल्स कुठल्या चिपमधून, किती फ्रिक्वेन्सीनं, किती डेड टाइमनं निघतो याचा मागमूस पेटीवर कुठंच नसतो. प्रोग्रॅम उघडा करा अशी माझी मागणी नाही, तो बनवणाऱ्याचा आहे. पण पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला पाच आकडे छापता येतील : डीसीचं किमान आणि कमाल व्होल्टेज, स्विचिंगची फ्रिक्वेन्सी, डेड टाइम, बाहेर फिल्टर नसेल तर चालणाऱ्या केबलची कमाल लांबी, आणि पाणी येण्यासाठी लागणारी किमान फ्रिक्वेन्सी. यातला शेवटचा आकडा कारखान्यात ठरवता येणार नाही. तो बोअरच्या खोलीवर अवलंबून असतो, म्हणून पंप बसवणाऱ्यानं त्या दिवशी फ्रिक्वेन्सी हळूहळू चढवत नेऊन, पाइपाच्या तोंडाशी धार सुरू झाल्याबरोबर पेटीवर दिसणारा आकडा तिथंच पेननं लिहावा.